पाणी पंधरवडा

टुप्.

फिल्टरच्या नळातून एक थेंब खालच्या स्टीलच्या पातेल्यात पडला आणि भर दुपारी गपगार पडलेलं घर दचकलं. जुई तेवढी दचकली नाही. माझ्या एका मांडीवर तिचं डोकं, दुसरीवर तिचे पाय, आणि मी मधोमध, गाठोड्याखाली सापडलेल्या मांजरासारखी. मला पाऊण तासापासून बाथरूमला जायचं होतं. पण चार वर्षांच्या मुलीची दुपारची झोप किती नवसासायासानं मिळते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी का उठले नाही ते सांगायला नको.

टुप्.

पाण्याच्या आवाजानं जे होतं ते होतच होतं. लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून हात लांब करून मी फाईल ओढली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तेव्हा मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, शंभर खाटांच्या सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. कंत्राट अकरा महिन्यांचं, आणि ते त्या एप्रिलच्या अखेरीला संपत होतं. फाईलमध्ये वरून आलेलं पत्र होतं. कर्मचाऱ्यांची स्वतःची तब्येत सुधारावी म्हणून पंधरवडा साजरा करायचा, शेवटच्या दिवशी उपसंचालक मॅडम येऊन पाहणार. आमचे अधीक्षक काटोले साहेब पत्र माझ्या हातात देताना म्हणाले होते, पंधरवडा नीट झाला तर तुमच्या मुदतवाढीची शिफारस करतो. नीट नाही झाला तर काय, हे ते म्हणाले नव्हते आणि मी विचारलं नव्हतं.

मला ती नोकरी का हवी होती ते सांगते. दवाखान्याच्या कुंपणाला लागून बालवाडी होती. माझ्या स्वयंपाकघराच्या, म्हणजे दवाखान्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथला झोपाळा दिसायचा. जुईनं दीड महिना रोज रडून त्या बालवाडीचं छप्पर डोक्यावर घेतलं होतं आणि आता कुठे ती मागे वळून न बघता आत जायला लागली होती. इथलं काम गेलं असतं तर दुसरं जिल्ह्याच्या गावी मिळालं असतं, जाऊन येऊन तीन तास एसटीत, आणि जुई संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकूंकडे.

तेव्हा पंधरवडा नीट व्हायलाच हवा होता. अडचण अशी की आमच्या लोकांना निरोगी करायचे सगळे प्रयोग आधीच होऊन गेले होते. पहाटे चालायला बोलावलं तर सिस्टर म्हणाल्या, आम्ही वॉर्डात दिवसभर काय बसून असतो का. झुंबा ठेवला, तो दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी त्याचा स्पीकर कोणाच्या तरी हळदीला गेला. कँटीनमध्ये भज्यांच्या जागी काकडी ठेवली, तर ती काकडी संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात परत आली, वर मीठ भुरभुरलेली.

टुप्.

आणि मला सुचलं. पाणी. कोणालाही जमण्यासारखं, घाम न काढणारं, भज्यांच्या आड न येणारं. एप्रिलमध्ये आमच्याकडे कावळेसुद्धा चोच वासून बसतात. प्रत्येकाला एक लिटरची बाटली द्यायची, बाटलीवर रेघा, रेघेवर वेळ. सात ते दोन या ड्युटीत दोन बाटल्या. प्यायलं की वॉर्डातल्या तक्त्यावर खूण. आनंदाच्या भरात मी उठलेच, जुई जागी झाली, तिनं भोकाड पसरलं, आणि मी तिला काखेत घेऊनच बाथरूमला गेले.

पंधरवड्याचं सामान आलं तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती. भांडार सांभाळणाऱ्या देवमनभाऊंनी एक किल्ली काढून दिली. जिन्याखाली एक खोली होती, पूर्वी कधी तिथं बायकांच्या स्टाफचं बाथरूम होतं म्हणे, आता बॅनर ठेवायला वापरत. मी उघडून पाहिलं आणि हरखले. कोरडी जागा, भिंतींना पांढऱ्या फरशा. हात धुवा, डास मारा, बाळाला अंगावर पाजा, मागच्या आठ-दहा वर्षांतले सगळे पंधरवडे तिथं गुंडाळी करून उभे होते. संडासाच्या भांड्यावर कोणीतरी फळी टाकली होती, तिच्यावर माझे पत्रकांचे गठ्ठे नेमके मावले. नळाला मी बिल्ल्यांची पिशवी अडकवली. शेवटी ‘पाणी प्या, निरोगी राहा’ असं लिहिलेला, माझ्याहून उंच फलक दाराशी तिरका उभा केला आणि खांद्यानं दार लोटून कुलूप लावलं. इतकी सोयीची जागा आपल्याला मिळाली याचा मला अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

मग जे झालं त्यावर माझाच विश्वास बसेना. काकडी परत पाठवणाऱ्या त्याच बायका माझ्या बाटल्यांच्या मात्र भक्त झाल्या. तक्ते खुणांनी भरून गेले. त्यातही पहिला नंबर बायकांच्या वॉर्डाचा. तिथल्या इन्चार्ज इंगळे सिस्टर, तीस वर्षांची नोकरी, चष्मा दोरीला बांधलेला, चालणं असं की पाठीमागून पेशंटसुद्धा सरळ होऊन बसायचे. त्यांच्या वॉर्डात एक खूण चुकलेली नाही. सकाळी नऊला अर्धी बाटली, अकराला संपली, दोनला दुसरी संपली. मी साहेबांना आकडे दाखवले. साहेबांनी ते उपसंचालक मॅडमना कळवले. मॅडमनी ‘खूप छान’ असं उलट कळवलं.

घरी जुईनंही पंधरवडा सुरू केला. तिची चिमुकली बाटली, तिच्यावर मी पेनानं ओढलेल्या रेघा. पण तिच्या पंधरवड्याला बालवाडीचा जास्तीचा नियम होता. पाणी प्यायलं की थोड्या वेळानं करंगळी वर करायची, मग बाई हात धरून नेतात. ती घरातही करंगळी वर करून उभी राहायची, आणि आम्ही ‘जा’ म्हटल्याशिवाय हलायची नाही. एकदा तिचे बाबा फोनवर बोलत होते, तर ही त्यांच्या समोर करंगळी घेऊन उभी, कोरड्या पायानं उभी होती ती ओल्या पायानं परतली.

दहाव्या दिवशी गिरजामावशी माझ्याकडे आली. आमच्या दवाखान्याची झाडलोट तीच करायची आणि व्हरांड्यातल्या क्रोटनच्या कुंड्याही तिनंच जिवापाड वाढवल्या होत्या. साहेब तिला कुंड्यांवरून कधी बोलले तर ती दोन दिवस त्यांच्या केबिनकडे झाडू वळवायची नाही.

“मॅडम, झाडं पिवळी पडून राह्यली,” ती म्हणाली.

मी म्हटलं, ऊन केवढं आहे मावशी, पाणी घाला.  ती पदर कमरेला खोचून मला कुंडीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, बोट घाला. मी बोट घातलं. चिखल. भर एप्रिलात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, कुंडीत श्रावणातल्यासारखा चिखल, आणि तिसऱ्या कुंडीत तर चक्क एक बेडूक, सहकुटुंब राहायला आल्यासारखा निवांत.

अकराला मी औषधांच्या कपाटाआड उभी राहिले. इंगळे सिस्टर व्हरांड्यात आल्या. इकडे तिकडे बघितलं नाही, लपवालपवी काही नाही. झाकण काढलं, मनगट वळवलं, बाटली कुंडीत रिकामी केली, आणि आत जाऊन तक्त्यावर खूण केली. त्यांच्यामागून दुसरी, मग तिसरी. ओळीनं, शिस्तीत, जशा त्या सगळी कामं करतात तशाच.

मी पुढे झाले. मला राग आला होता त्यापेक्षा जास्त भीती वाटली होती. पाच दिवसांवर मॅडम आलेल्या, आणि माझा सगळा पंधरवडा क्रोटन पिऊन बसलेला. मी सिस्टरना म्हटलं, निदान मला तरी सांगायचं.

“काय सांगायचं?” त्या म्हणाल्या. “पोरगी उत्साहात आहे, तिची नोकरी आहे त्यावर. खुणा पाहिजेत, खुणा देतो. एवढं तर करूच शकतो आम्ही तुमच्यासाठी.”

मी म्हटलं, पण पाणी प्यायला काय होतं?

त्यांनी चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मग माझं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं. “किल्ली आहे का तुमच्यापाशी, जिन्याखालची?”

जिन्याखाली गेल्यावर कुलूप त्यांनीच काढलं. माझा फलक दारातून बाहेर कलला, तो त्यांनी एका हातानं सावरून धरला. फरशा, फळी, नळाला लटकलेली माझी पिशवी. “हे आमचं होतं,” त्या म्हणाल्या. “आठ वर्षं झाली, फ्लश बिघडला म्हणून एक दिवस कुलूप लागलं. मग एक बॅनर आला. मग दुसरा आला.”

मग हळूहळू कळलं. वॉर्डातलं संडास पेशंटचं, तिथं नातेवाइकांसकट रांग. बाहेरचं ओपीडीपलीकडे, जाऊन येऊन वीस मिनिटं, तोवर वॉर्ड कोणाच्या भरवशावर सोडायचा. तेव्हा सगळ्याजणी सकाळी घरून जाऊन यायच्या आणि मग थेट घरी. सातपासून अडीचपर्यंत पाण्याचा घोट नाही, दोन घोट चहा, तोही अर्ध्या कपाचा. शिवाय महिन्याचे चार दिवस. इंगळे सिस्टरना दोनदा मुतखडा झाला होता, आणि दोन्ही वेळा आमच्याच डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, सिस्टर, पाणी भरपूर पीत जा.

मी विचारलं, मग मी इतके महिने कशी राहिले? मला कधी कळलंच नाही ते?

“तुमचं काय,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला बालवाडी आहे.”

खरं होतं. रोज एक वाजता जुईच्या डोक्यावरून हात फिरवायला जायचे, तेव्हा तिथल्या गुडघ्याएवढ्या संडासात जाऊन यायचे. मला ती जुईची भेट वाटायची.

सिस्टर म्हणाल्या की त्यांनी एकदा अर्ज लिहायला घेतला होता. प्रति, माननीय अधीक्षक साहेब. खाली विषय. “विषयाशी पेन थांबलं ते थांबलंच. साहेब पुरुष, कारकून पुरुष, आवक नोंदवणारा पुरुष. काय लिहू? अर्ज अजून आहे घरी. विषयापुढे कोरा.”

मी साहेबांकडे गेले. मोठ्या हिमतीनं गेले आणि केबिनमध्ये पोचल्यावर ‘बायकांच्या सोयीचा एक प्रश्न’ एवढंच बोलू शकले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच मान हलवली, म्हणाले, समजलं, समजलं, कार्यक्रमानंतर बघू, आता पाहुण्यांसमोर खोदाखोद नको. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या केबिनच्या बाथरूमचं दार होतं. त्यावर पितळी आकड्याला पांढराशुभ्र टॉवेल टांगलेला होता.

शेवटच्या दिवशी डॉ. चौबळ मॅडम दोन तासांचा गाडीचा प्रवास करून आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या, कॉटनची करड्या रंगाची साडी. आधी नारळपाणी झालं, मग ताक. मग बालवाडीच्या मुलांनी स्वागतगीत म्हटलं आणि ती मुलं पुढच्या सतरंजीवर बसवली. जुई पहिल्या रांगेत, गळ्यात तिची बाटली. मग पहिला आलेला वॉर्ड म्हणून इंगळे सिस्टर मंचावर गेल्या. त्यांच्या हातात पंधरवड्याची एक बाटली होती, काठोकाठ भरलेली.

“मॅडम,” त्या माईकसमोर म्हणाल्या, “आमच्याकडे पाहुण्यांनी बाटली संपवूनच मान घ्यायचा असतो.”

अशी काही पद्धत आमच्याकडे नव्हती. साहेब टाळ्या वाजवू लागले म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. चौबळ मॅडम खिलाडू वृत्तीच्या. त्यांनी बाटली उभ्या उभ्या संपवली, रिकामी करून उलटी धरून दाखवली. सिस्टर खाली उतरताना माझ्याजवळून गेल्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

त्यानंतर साहेबांचं भाषण. ते पाण्याच्या महत्त्वापासून निघाले आणि पंचमहाभूतांपर्यंत पोचले. तेवढ्यात पुढच्या रांगेत जुईनं करंगळी वर केली. तिच्या बाई उठल्या, तिचा हात धरला, आणि दोघी भर सभेतून सरळ चालत निघून गेल्या. भाषण अडलं नाही, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. बघत होत्या त्या फक्त बायका. भिंतीकडेच्या सगळ्या सिस्टर, मावश्या, आणि मंचावरून चौबळ मॅडम. त्यांची नजर जुईच्या पाठीवर दारापर्यंत गेली. मग त्यांनी एका पायावरचा दुसरा पाय काढला आणि तिसऱ्या मिनिटाला परत टाकला.

पंचमहाभूतांतल्या वायूशी साहेब आले तेव्हा मॅडमनी मला खुणेनं बोलावलं आणि कानाशी म्हणाल्या, “जवळ कुठं आहे हो?”

साहेबांनी ऐकलं असावं. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि मला डोळ्यांनी केबिनचं दार दाखवलं. पंधरा पावलं होती. पितळी आकडा, शुभ्र टॉवेल. पंधरा पावलं गेले असते तर पंधरवडा नीट झाला असता, शिफारस झाली असती, आणि खिडकीतून झोपाळा दिसत राहिला असता.

“या मॅडम,” मी म्हटलं. “आमचं स्टाफचं आहे, जिन्याखाली.”

मी किल्ली फिरवली. दार उघडलं आणि माझा फलक सगळ्या वजनानिशी मॅडमच्या अंगावर आला. त्याच्यामागून डास मारा, हात धुवा, आणि बाळाला अंगावर पाजणारी ती हसरी बाई उलगडत उलगडत थेट व्हरांड्यात गेली. मॅडम फलक दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी फरशा पाहिल्या. फळी पाहिली. नळाला लटकलेले बिल्ले पाहिले. फळीवरचे पत्रकांचे गठ्ठे माझ्या नावाचे होते, तेही पाहिले.

“हे कधीपासून?”

“आठ वर्षं,” मी म्हटलं. “शेवटचे पंधरा दिवस मी.”

“मग ते पाणी जातं कुठं?”

गिरजामावशी पाठोपाठ आलीच होती. तिनं नुसता हात कुंड्यांकडे केला. बेडकानं आवाज दिला. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आणि दुसरं काहीतरी अशी झोंबाझोंबी चालली होती.

“हे सगळं नंतर,” त्या म्हणाल्या. “बाई, आधी मला कुठंतरी न्या.”

आम्ही दोघी साहेबांच्या केबिनकडे पळालो. उपसंचालक दर्जाची बाई साडी उचलून धावताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

परत मंचावर आल्यावर त्यांनी साहेबांच्या हातून हलकेच माईक घेतला. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मघाशी एका चिमुरडीनं मला एक गोष्ट शिकवली. आता माझी सगळ्या बायकांना विनंती आहे, ज्यांना या क्षणी जायचंय त्यांनी तिच्यासारखी करंगळी वर करा.

सभागृहात पंखा तेवढा फिरत होता. मग मागच्या भिंतीपाशी गिरजामावशीची काळी, भेगाळलेली करंगळी वर गेली. मग चष्मा सावरत इंगळे सिस्टरनी वर केली, इंजेक्शन देताना धरतात तशी ताठ. मग एकेक करत साठ करंगळ्या. शेवटची माझी. साहेब त्या करंगळ्यांकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हळूच मान खाली घालून स्वतःच्या केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. त्या दुपारी तिथून जिन्यापर्यंत रांग लागली होती आणि त्या रांगेत जे हसणं चाललं होतं तसं त्या दवाखान्यात मी पुन्हा ऐकलं नाही.

आठ दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत. जिन्याखाली नवा फ्लश आला, दिवा आला, आतून कडी आली. बॅनर भांडारात गेले आणि देवमनभाऊ कुरकुरले. मी कंत्राट संपल्याचं धरूनच चालले होते. काकूंशी जुईबद्दल बोलूनही झालं होतं. मग मॅडमचा शेरा आला. सदर स्वच्छतागृह चालू असल्याबाबत आहारतज्ज्ञांनी दरमहा अहवाल पाठवावा. आता अहवाल हवा तर आहारतज्ज्ञ हवी. साहेबांनी माझ्या मुदतवाढीवर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवताना म्हणाले, “पाणी पीत जा मॅडम.” मला वाटतं, ते हसले होते.

पहिला अहवाल मी रविवारी दुपारी घरीच लिहायला घेतला. प्रति लिहिलं. विषय लिहिलं. आणि माझंही पेन तिथंच थांबलं, थोडा वेळ चांगलंच थांबलं. मग मी ठळक अक्षरांत लिहिलं: कर्मचारी महिलांचे संडास सुरू असल्याबाबत.

जुई उठून कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. काय लिहितेस म्हणाली. मी तिला मांडीवर घेतलं आणि सगळी गोष्ट सांगितली. आठ वर्षं कुलूप लावलेली खोली, पाणी न पिणाऱ्या मावश्या, क्रोटन, बेडूक. बेडकाशी आल्यावर ती हसली, पुन्हा सांग म्हणाली. पुन्हा सांगितलं. मग माझा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट मोजत शेवटच्या बोटाशी येऊन ते धरून ठेवलं.

“आई,” ती म्हणाली, “तुम्हा सगळ्यांना करंगळी होती ना? मग आधी का नाही दाखवली?”